नोंदी घरी आणल्या

नोंदी ब्राउझरमध्येच ठेवाव्यात, त्यासाठी संगणकावर वेगळं काही बसवायची गरज नाही, हे मत मी बरीच वर्षं नुसतं बाळगलं नाही, ते इतरांच्याही गळी उतरवलं. आर्वीला आमच्या महाविद्यालयात नव्याने रुजू होणारे सहकारी, प्रकल्प लिहिणारी मुलंमुली, बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या ओळखीच्या बायका, जो कुणी विचारेल त्याला माझं उत्तर ठरलेलं असे: टॅब उघडा, लॉगिन करा, लिहायला लागा. आता मी वेगळं सांगते. ज्यांनी माझं ऐकून आपलं सगळं लिखाण तिथे साठवलं, त्यांना माझं मत का फिरलं हे कळायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

आधीच्या मतामागे कारणं होती आणि ती आजही खरी आहेत. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात कुठल्याही यंत्रावर नवीन सॉफ्टवेअर बसवायचं तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो, त्यासाठी अर्ज, मग वाट पाहणं. ब्राउझर मात्र प्रत्येक यंत्रावर असतोच. घरी जुना डेस्कटॉप, विभागात दुसरंच यंत्र, पर्समध्ये मोबाइल; कुठेही उघडलं तरी तीच नोंद, जिथे सोडली तिथून पुढे. एका मे महिन्यात माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने प्रयत्न केले, पण काही निघालं नाही. तरीही पाठाची टाचणं, प्रश्नपत्रिकांचे आराखडे, वाचलेल्या पुस्तकांवरची टिपणं, सगळं दुसऱ्या दिवशी विभागातल्या संगणकावर जसंच्या तसं उघडलं. त्या दिवसापासून मी ब्राउझरची बाजू आणखी जोरात मांडायला लागले.

आणखी एक कारण होतं, ते मराठीत लिहिणाऱ्यालाच कळेल. मी क्रोममध्ये गूगल इनपुट टूल्सचं एक्स्टेन्शन टाकलं होतं. रोमन अक्षरांत टाइप करायचं, ते देवनागरी करून द्यायचं. हात त्यालाच सरावले होते. पण ते एक्स्टेन्शन ब्राउझरच्या पानांपुरतं चालतं. ब्राउझरबाहेरच्या कुठल्याही ॲपमध्ये त्याचा उपयोग नाही. म्हणजे माझ्यासाठी डेस्कटॉपवर जाणं म्हणजे मराठी लिहायला पुन्हा पहिल्यापासून शिकणं होतं. माझ्यासारखे अनेक जण ब्राउझरला चिकटून राहिले ते याच कारणाने, असा माझा अनुभव आहे. सोयीची चर्चा करणारे लेख इंग्रजी लिहिणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात, त्यात ही अडचण येतच नाही.

मग माझं काम बदललं.

पुलगाव ते आर्वी ही अडीच फुटी रुळांची रेल्वे १९१७ साली सुरू झाली. साधारण ३५ किलोमीटरचा मार्ग. आर्वीच्या जिनांमधली रुई पुलगावला आणायची आणि तिथून मुंबईच्या मोठ्या मार्गावर चढवायची, यासाठी ती टाकलेली. यवतमाळच्या 'शकुंतला' या गाडीसारखी हीही किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, आणि आमच्याकडे हिलाही लोक शकुंतलाच म्हणतात. गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. जी माणसं तिच्यात बसून शाळेला गेली, बाजाराला गेली, ज्यांनी तिच्या रुळांवर काम केलं, ती आता थोडीच राहिली आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घ्यायच्या, असं मी आणि माझ्या दोन विद्यार्थिनींनी ठरवलं. सोरटा, विरूळ, रोहणा, धनोडी अशी मार्गावरची आणि आसपासची गावं फिरायची, ओट्यावर बसायचं, ऐकायचं आणि लिहायचं.

रोहण्याला एका आजोबांकडे आम्ही गेलो. तरुणपणी ते रुळांच्या गँगमध्ये होते. हंगामात गाठींनी भरलेले डबे आले की कुठल्या उतारावर गाडी जपून न्यावी लागे, पावसाळ्यात कुठल्या नाल्यापाशी भराव खचे, रात्री खबर आली की कंदील घेऊन कोण कोण निघे, असं ते नावानिशी सांगत होते. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन, मोबाइलचं नेट जोडून, टॅबमध्ये लिहीत होते. नेट गेलं. वर एक छोटी सूचना आली, ती माझ्या लक्षात आली नाही, कारण माझं लक्ष त्यांच्याकडे होतं. अक्षरं उमटत होती, म्हणून मी लिहीत राहिले. मग टॅब आपोआप ताजा झाला आणि समोर लॉगिनचं पान आलं. आजोबा थांबले आणि म्हणाले, "काहून बाई, बंद पडलं का? मंग म्या पुन्ना सांगू?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. पण दुसऱ्यांदा सांगताना माणूस थोडक्यात सांगतो. पहिल्या वेळी जी नावं ओघात आली होती, ती सगळी परत आली नाहीत. गँगमधल्या एका सोबत्याचं गाव त्यांना दुसऱ्या वेळी आठवेना, आणि ते मी मघाशीच लिहिलं होतं. मी वापरत होते त्या सेवेचं नाव घेत नाही, कारण दोष एका सेवेचा नाही. टॅबमध्ये लिहिणं ज्या पायावर उभं आहे, तिथेच हे घडू शकतं.

तो पाया काय आहे हे मी त्यानंतर समजून घेतलं. ब्राउझरमध्ये आपण लिहितो तेव्हा मजकुराची खरी प्रत कंपनीच्या सर्व्हरवर असते. आपण केलेले बदल थोड्या थोड्या वेळाने तिकडे पाठवले जातात. नेट नसेल तर चांगलं वेब-ॲप ते बदल ब्राउझरच्या आतल्या साठवणीत, इंडेक्स्डडीबी नावाच्या कोठारात, धरून ठेवतं आणि नेट आलं की पाठवतं. सगळीच ॲप हे करत नाहीत. जी करतात त्यांच्यासाठीही ब्राउझर ही जागा बहुधा 'जमेल तोवर' या बोलीवरच देतो. डिस्क भरत आली तर तो ती रिकामी करू शकतो. कुणी 'कुकीज आणि साइट डेटा' पुसला की तीही पुसली जाते. इन्कॉग्निटो खिडकीत लिहिलं तर खिडकी बंद होताच गेलं. सफारीने २०२० पासून असा नियम केला की एखाद्या साइटला सात दिवस हातच लावला नाही, तर त्या साइटच्या स्क्रिप्टने साठवलेलं सगळं काढून टाकायचं. तो नियम माग काढणाऱ्या जाहिरात कंपन्यांना रोखण्यासाठी आहे आणि त्या कामासाठी तो योग्यच आहे. पण ज्याने त्या जागेत आपलं लिखाण ठेवलं, त्याला तो नियम माहीत असायला हवा. मला माहीत नव्हता आणि माझ्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हता.

तेव्हा मी सरळ उपाय केला: त्याच सेवेची डेस्कटॉप आवृत्ती उतरवून घेतली. स्वतंत्र आयकॉन, स्वतंत्र खिडकी, वर पत्त्याची पट्टी नाही. आता नोंदी माझ्या संगणकावर आल्या असं मी धरून चालले. घरी, राउटर बंद करून, उघडून पाहिलं. अलीकडे उघडलेल्या चार नोंदी दिसल्या, त्याआधीच्या उघडेनात. मग त्या नोंदी डिस्कवर नेमक्या कुठे आहेत ते शोधायला लागले. ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये एक डेटाबेस सापडला. तो त्या ॲपशिवाय कशातही वाचता येत नव्हता, आणि त्यातही सगळं नव्हतं.

हे असं का, याचं उत्तर मला एका माजी विद्यार्थ्याने दिलं. तो आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. इलेक्ट्रॉन नावाचं एक साधन आहे. गिटहबने ते २०१३ साली आपल्या ॲटम या एडिटरसाठी बनवायला घेतलं. त्यात क्रोमियम म्हणजे क्रोमच्याच गाभ्याचा ब्राउझर पेटीत घालून मिळतो. वेबसाइट त्या पेटीत ठेवली की डेस्कटॉप ॲप तयार. आज आपण वापरतो त्यांतली कितीतरी डेस्कटॉप ॲप अशीच बनलेली आहेत, नोशन या नोंदींच्या सेवेचंही. नोशनच्या डेस्कटॉप आवृत्त्या अनेक वर्षांपासून आहेत, पण नेटशिवाय पानं वापरायची रीतसर सोय त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये आली. तोवर डेस्कटॉपवर असूनही त्यातली पानं खऱ्या अर्थाने डेस्कटॉपवर नव्हती. कपाट घरात, पण किल्ली परगावी, अशी ती स्थिती.

इथे माझ्या मताची दुसरी गाठ सुटली. मी इतके दिवस ब्राउझर की डेस्कटॉप असा प्रश्न विचारत होते. विचारायला हवं होतं ते हे: नोंदीची मूळ प्रत कुठे आहे, आणि ती ॲपशिवाय वाचता येते का? त्यानंतर मी ज्याकडे वळले ते ऑब्सिडियन हेही इलेक्ट्रॉनवरच बनलेलं आहे, आतून तोही ब्राउझरच. त्याचा स्वतःचा कोडही खुला नाही. पण त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे माझ्या फोल्डरमधली एक साधी टेक्स्ट फाइल. ओळीच्या सुरुवातीला # लावलं की मथळा, एवढीच काय ती त्यातली खूण. मार्कडाउन नावाची ही पद्धत २००४ पासून आहे. ऑब्सिडियन उद्या बंद झालं तरी फाइल नोटपॅडमध्ये उघडेल. त्याची ब्राउझर आवृत्तीच नाही. पूर्वी मी हा दोष मानला असता. जॉपलिन हा दुसरा पर्याय, तो खुल्या कोडचा आहे. त्यात नोंदी डेटाबेसमध्ये राहतात, पण पूर्ण त्याच यंत्रावर, आणि हव्या तेव्हा टेक्स्ट फाइलींच्या रूपात बाहेर काढता येतात. दोन्ही चांगले. मी पहिला घेतला, त्याचं कारण पुढे येतं.

आधी टायपिंगबद्दल. इनपुट टूल्स सुटलं, तेव्हा विंडोजमधला मराठी कीबोर्ड सुरू केला. तो इनस्क्रिप्ट आराखड्याचा असतो. २०१९ पासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसार चालणारा मराठी कीबोर्डही आला आहे, तो घेऊन मी सहज निभावून नेऊ शकले असते. पण शिकायचंच आहे तर नीट शिकू, म्हणून इनस्क्रिप्ट घेतला. डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा, उजव्या हाताखाली व्यंजनं. के च्या जागी क, त्याच्या शेजारी त, डी ला हलन्त. सुरुवातीचे काही आठवडे फार चिडचिड झाली. वर्गात मुलं वेगाने टाइप करतात आणि मी अक्षर शोधत बसते, याचा त्रास झाला. पण बोटं शिकली. आणि त्या शिकण्यातच मला एक गोष्ट सापडली, जी एरवी कधीच कळली नसती.

आमच्या नोंदींमध्ये वऱ्हाडी, वऱ्हांडा, गाऱ्हाणं, पऱ्हाटी असे शब्द पावलोपावली. पऱ्हाटी तर कापसाच्या गावांत प्रत्येक वाक्यात. नोंदींची संख्या वाढल्यावर मी एकदा 'पऱ्हाटी' शोधलं, तर निम्म्याच नोंदी आल्या. ज्यात तो शब्द आहे हे मला माहीत होतं, अशाही नोंदी गाळल्या होत्या. दोन नोंदी शेजारी उघडून पाहिल्या. शब्द डोळ्यांना अगदी सारखा. घोळ असा की हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, त्याला हलन्त आणि पुढे ह. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारी जोडखूण. पडद्यावर आकार तोच. शोध घेणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला मात्र ते दोन वेगळे शब्द. जुन्या नोंदी एका पद्धतीच्या, नव्या दुसऱ्या.

हे जर टॅबमधल्या नोंदींत निघालं असतं, तर एकेक नोंद उघडून, एकेक शब्द पुन्हा टाइप करावा लागला असता. इथे फाइली माझ्या फोल्डरमध्ये होत्या. आधी सगळ्या फोल्डरची प्रत काढून बाजूला ठेवली. मग नोटपॅड प्लस प्लस उघडलं, 'फाइलींमध्ये शोधा आणि बदला' घेतलं, जुन्या नोंदीतलं अक्षर जसंच्या तसं उचलून वरच्या रकान्यात चिकटवलं, खालच्या रकान्यात नवीन, आणि पूर्ण फोल्डरभर एका दमात बदल झाला. ऑब्सिडियन परत उघडलं, 'पऱ्हाटी' शोधलं. वेचणीच्या, उलंगवाडीच्या, आगीत गेलेल्या गंजीच्या, सगळ्या नोंदी एकाखाली एक. ऑब्सिडियनमध्ये स्वतःची अशी सोय नव्हती, ती मी दुसऱ्याच प्रोग्रॅमकडून करून घेतली. त्याला कुणाची परवानगी लागली नाही. फाइल आपली असणं म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं, आणि तेव्हापासून माझ्या मनात परत जायचा विचार आला नाही.

तरी नुसती फाइल घरात आहे एवढ्यावर विसंबू नये, हेही मला माहीत आहे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांच्या जुन्या लेखांची सीडी मला दिली होती. फाइली शाबूत होत्या, उघडल्याही. पण त्या काळातल्या खास फाँटमध्ये टाइप केलेल्या, आणि तो फाँट आता कुणाकडे नाही. पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांची रांग. मराठीतलं कितीतरी लिखाण असं अडकून पडलं आहे. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी यांत लिहिलेलं ज्याच्या घरी आहे, त्याने ते आजच युनिकोडमध्ये आणून घ्यावं, कन्व्हर्टर मिळतात. नोटपॅडसुद्धा पूर्वी जपून वापरावं लागे. जतन करताना एन्कोडिंग बदललं नाही तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होत. २०१९ च्या विंडोज अपडेटपासून ते आपोआप यूटीएफ-८ मध्ये जतन करतं, तो प्रश्न मिटला.

पण माझं मत पूर्ण फिरलं ते या तांत्रिक गोष्टींनी नाही. या नोंदी माझ्या नाहीत. पूर्वी मी जे टॅबमध्ये ठेवत होते ते माझं होतं; टाचणं गेली असती तर मी पुन्हा केली असती. आता मी ज्या लिहून घेते त्या दुसऱ्यांच्या आठवणी आहेत. सांगणारं माणूस पुढच्या वर्षी असेलच असं नाही. आणि माझं तरी काय? माझ्यामागे माझा पासवर्ड कोण शोधणार? सलग दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करून त्यातला मजकूर काढून टाकण्याचं धोरण गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून ते लागू झालं. एव्हरनोट या नोंदींच्या सेवेने २०२३ च्या अखेरीस फुकट खात्यांना ५० नोंदींची मर्यादा घातली. कंपन्यांनी असं करू नये असं मी म्हणत नाही, तो त्यांचा व्यवहार आहे. पण रोहण्याच्या आजोबांचं बोलणं त्या व्यवहारावर टांगून ठेवण्याचा अधिकार मला नाही.

वर्धा जिल्ह्यात राहून याबाबत गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांची आठवण येणं अपरिहार्य आहे. १९१७ साली ते गांधीजींकडे आले आणि १५ ऑगस्ट १९४२ ला आगाखान पॅलेसमध्ये त्यांचा मृत्यू झाला. मधली पंचवीस वर्षं ते नोंदी करत राहिले. गांधीजी सेगावला, म्हणजे पुढे सेवाग्राम झालेल्या गावी, राहायला गेल्यावर सुरुवातीचा काही काळ महादेवभाई वर्ध्याच्या मगनवाडीत राहत आणि तिथून पायी जाऊन-येऊन करत. दोन्हीकडचं मिळून दहा-अकरा मैल, आमच्याकडच्या उन्हात, कागद बरोबर घेऊन. त्यांच्यामागे नरहरी परीख यांनी त्या डायऱ्या संपादित करून छापायला घेतल्या. लिहिणारा गेला तरी दुसऱ्या माणसाला त्या उघडता आल्या, वाचता आल्या. मी कुठे आणि ते कुठे, ती तुलना मी करत नाही. पण नोंद कशी ठेवावी याचा एक निकष मात्र त्यातून मी घेतला: माझ्यानंतर, मला न विचारता, दुसऱ्याला ती वाचता आली पाहिजे.

दुसरा निकषही इथलाच. मगन संग्रहालयात मुलांना घेऊन जाते तेव्हा चरख्यांचे प्रकार पाहताना मी त्यांना १९२९ च्या बक्षिसाबद्दल सांगते. अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र खेड्यातल्या घरात हातापायांनी चालवता यावं. किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी. वेळच्या वेळी देखभाल केली तर निदान २० वर्षं न थांबता चालावं, आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये. यंत्राला विरोध नाही, पण ज्याच्या घरात ते चालणार त्याच्या ताब्यात ते राहिलं पाहिजे, हे त्या अटींमधून स्पष्ट दिसतं. दरमहा वर्गणी भरली नाही तर आपलंच लिखाण अर्धवट दिसायला लागतं, अशा ॲपला या अटी लावून पाहाव्यात. वीस वर्षं चालेल याची खात्री मला साध्या टेक्स्ट फाइलीखेरीज दुसऱ्या कशाबद्दल देता येत नाही.

या बदलाची किंमतही मोजावी लागते, तीही सांगते. बॅकअपची काळजी आता माझी. लॅपटॉपवर एक प्रत, पेन ड्राइव्हवर दुसरी, आणि कुलूपबंद करून क्लाउडवर तिसरी. क्लाउड मी सोडलेलं नाही, त्याला मूळ प्रतीची जागा दिलेली नाही एवढंच. मोबाइलवर आणि लॅपटॉपवर एकच नोंद एकाच वेळी बदलली, तर दोन फाइली तयार होतात आणि मग बसून ताडून पाहाव्या लागतात. माझ्या विद्यार्थिनी आणि मी एका नोंदीत एकाच वेळी लिहायचं असेल, तर त्याबाबतीत ब्राउझरसारखी सोय दुसरी नाही. त्यासाठी आम्ही अजूनही टॅबच उघडतो आणि काम संपलं की मजकूर फाइलीत आणून ठेवतो. इंक अँड स्विच या संशोधन गटाने २०१९ मध्ये 'लोकल-फर्स्ट' सॉफ्टवेअरची कल्पना मांडली: मूळ प्रत आपल्या यंत्रावर, तरीही एकत्र लिहिण्याची सोय शाबूत. तसं सर्वांना सहज वापरता येईल असं काही मराठीसकट तयार झालं, तर मी सर्वांत आधी घेईन.

गावांमध्ये आता आम्ही लिहून झालं की त्याच आठवड्यात त्या फाइलीची छापील प्रत सांगणाऱ्याच्या घरी नेऊन देतो. काही गोष्टी त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या असतात. सावकाराच्या, जमिनीच्या वादाच्या, भाऊबंदकीच्या. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये, कुलपात, आणि क्लाउडवर त्यांची प्रत नाही. मूळ प्रत कुठे आहे हे मला माहीत असल्यामुळेच मी सांगणाऱ्याला तसा शब्द देऊ शकते. टॅबमध्ये लिहीत असताना तो शब्द मी कुठल्या आधारावर दिला असता?

आणि मुलं. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांकडे लॅपटॉप नाही, फक्त मोबाइल आहे, तोही कधी कधी घरात सामाईक. त्यांना डेस्कटॉप ॲप सांगून काय उपयोग? ती मुलं संगणक कक्षातल्या ब्राउझरमध्येच लिहितात आणि मी त्यांना तेच सांगते. फक्त आता सत्राच्या शेवटी एक तास त्यासाठी राखून ठेवला आहे. त्या तासाला प्रत्येकाने आपल्या खात्यातून सगळ्या नोंदी एक्स्पोर्ट करायच्या, त्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात का ते पाहायचं, मराठी अक्षरं शाबूत आहेत का ते तपासायचं, आणि मग त्या पेन ड्राइव्हवर घरी न्यायच्या. ज्यांच्याकडे पेन ड्राइव्ह नाही त्यांच्यासाठी विभागाने काही घेऊन ठेवले आहेत.